बावीस वर्षं चार महिने

"अक्का, ही गंमत बघितलीस का?" असं म्हणत बेबीने विमा कचेरीतून आलेलं पत्र थोरल्या बहिणीपुढे, सोललेल्या मटारांच्या ताटाशेजारी ठेवलं. "सरकारने मला बावीस वर्षं चार महिने धुलाईखान्यात राबवलंय. आणि मी तर तिथे जेमतेम सव्वा वर्ष होते."

अक्काच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली. तिने पत्राकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती... गेली कित्येक वर्षं ज्या कागदाची ती मनातल्या मनात वाट पाहत होती आणि जो कधीच येऊ नये म्हणून देवाची करुणा भाकत होती, तो कागद आज पोस्टमनच्या हातून बेबीच्या हातात पडला होता.

"तुझी वर्षं माझ्या नावावर चढवली असणार कुणीतरी," बेबी हसत म्हणाली. आजारपणाने तिचा चेहरा मेणासारखा झाला होता, पण हसणं मात्र अजून लहानपणचंच होतं. "जाऊन सांगायला हवं. नाहीतर तुझं आरोग्य विम्याचं कार्ड अडायचं."

"काही सांगायला जायचं नाही," अक्का जरा जास्तच घाईने म्हणाली. मग आवाज सावरून म्हणाली, "माझं सगळं वेगळं आहे. माझं जुनं कार्ड बदलून नवं यायचंय. तुझं आलंय ना, मुकाट्याने सही कर. आठवड्यातून तीनदा डायलिसिस होईल आता तुझं, डॉक्टर म्हणतात तसं."

बेबीने सही केली. गेले दहा महिने ती एका धर्मादाय केंद्रात आठवड्यातून एकदाच डायलिसिसला जात होती, कारण त्यांच्याकडे तेवढीच जागा होती, आणि मधल्या सहा दिवसांत तिचे पाय लाकडासारखे सुजत, श्वास घशाशी येई. नवरा वारल्यावर ती आपलं गाव सोडून अक्काच्या या दोन खोल्यांत राहायला आली होती, ती या केंद्रासाठीच. नवऱ्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, स्वतःचं. त्यामुळे त्याच्या नोकरीची कुठे नोंद असायचा प्रश्नच नव्हता. आता हे कार्ड हाच बेबीचा श्वास होता.

अक्काने पुन्हा शेंगा ओढल्या. तिच्या छातीत डावीकडे काहीतरी फडफडलं आणि थांबलं. हल्ली असं वरचेवर व्हायचं.

त्रेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बेबी तेव्हा बावीस वर्षांची होती, आणि शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कायम झालेली होती. घरात कायम नोकरी असलेलं ते एकुलतं एक माणूस. वडील नव्हते, आईची दृष्टी अधू झालेली, आणि अक्का घरी बसून शेजारणींचे कपडे शिवायची. एक दिवस खोकताना बेबीच्या रुमालावर रक्त पडलं. डॉक्टरांनी फुप्फुसांचा क्षय सांगितला, आणि डोंगरावरच्या आरोग्यधामात दोन वर्षं ठेवावं लागेल असंही सांगितलं. तिथे कामगारांना फुकट ठेवून घेत. अट एवढीच की दर तिमाहीला नोकरी चालू असल्याचा शिक्का मारलेला कागद पाठवायचा. आणि धुलाईखान्याचा नियम असा की तीन महिन्यांपलीकडे गैरहजर राहिलं की नाव कमी. म्हणजे औषधोपचारांसाठी नोकरी हवी, आणि नोकरीसाठी औषधोपचार सोडून कामावर जायला हवं...

आईने त्या दिवशी अक्काला जवळ बोलावलं. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून तिने अक्काचा चेहरा हातांनी चाचपला.

"तू जा तिच्या जागी," आई म्हणाली. "दोघी सारख्याच दिसता. मुकादम भला माणूस आहे, तो डोळ्यांवर कातडं ओढील. पण एक कर... बेबीला कधी कळू देऊ नकोस. ती हट्टी आहे, कळलं तर एक दिवस तिथे राहायची नाही."

अक्काने शब्द दिला. बेबीला सांगितलं की रुग्णालयाने मोठ्या मनाने तुझी जागा राखली आहे, आणि मलाही तिथेच काम मिळालंय. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या पाळीला ती धाकट्या बहिणीचा पास घेऊन दारातून आत गेली, ती एकवीस वर्षांनी, धुलाईखाना बंद होऊन सगळं काम बाहेर दिलं गेलं तेव्हाच शेवटची बाहेर पडली. दोन वर्षांनी बेबी बरी होऊन आली, पण डॉक्टरांनी तिला वाफेत आणि ओलीत काम करायला कायमची मनाई केली. तिचं लग्न झालं, ती सासरी गेली. अक्काने तेव्हा खरं सांगायचं ठरवलं असतं, तर आरोग्यधामाने दोन वर्षांची फसवणूक म्हणून बेबीवरच बोट ठेवलं असतं. मग ती गप्प राहिली. आधी दोन वर्षं, मग पाच, मग सवयीने. बरोबरच्या बायका तिला बेबीच्या कागदावरच्या नावाने हाक मारत, आणि ती ओ देई. पुढेपुढे तर तिला रस्त्यात कुणी तिच्या खऱ्या नावाने हाक मारली की क्षणभर कळतच नसे, कोणाला बोलावताहेत ते.

या सगळ्याची किंमत तिने कधी बोलून दाखवली नाही. पण एक सल मात्र तिच्या काळजात कायमचा रुतून बसला होता. आरोग्यधामात दोन वर्षांत ती बेबीला भेटायला फक्त तीनदा जाऊ शकली. जाऊन यायला पुरे दोन दिवस लागत, आणि सलग दोन दिवस सुट्टी घेतली तर वरचा साहेब पास तपासायला मागे. बेबी ते कधीच विसरली नाही. "इतर बायकांची माणसं दर रविवारी यायची," ती अजूनही एखाद्या वेळी म्हणे. "मी खिडकीत बसून असायची. तुला नव्या नोकरीची नवलाई होती." अक्का त्यावर खाली मान घालून शिलाईच्या यंत्राचं चाक फिरवत राही.

बेबीचं पत्र आल्यानंतर आठच दिवसांनी अक्का जिन्यात बसली. चौदा पायऱ्यांपैकी नववी. उठताच येईना. तपासणी झाली तेव्हा तरुण डॉक्टरने कागदावर हृदय काढून दाखवलं, आणि एक झडप पेनाने गिरवून गिरवून काळी केली.

"ही झडप जवळजवळ बंद झालीय. ऑपरेशन लागेल. घाबरू नका, आता हे सरसकट होतं. पण वर्षभर थांबू नका... तुमचं ज्येष्ठांचं कार्ड असेलच?"

अक्का विमा कचेरीत गेली. लांब दालनात खुर्च्यांच्या रांगा होत्या, आणि प्रत्येक खुर्चीत एकेक म्हातारं माणूस प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन बसलेलं होतं. मदतखिडकीवरची बाई चाळिशीची होती, शांत बोलायची. तिने डॉक्टरांचा कागद वाचला, अक्काचं नाव संगणकात घातलं, पुन्हा घातलं, आणि मग खुर्ची जरा पुढे ओढली.

"आजी, तुमच्या नावावर नोकरीचं एकही वर्ष दिसत नाही. नीट समजावून सांगते. दहा वर्षांची नोंद असली की पासष्टाव्या वर्षी कार्ड आपोआप घरी येतं. नसली तरी विमा मिळतो, हप्ता भरून. पण त्यासाठी पासष्टावं पूर्ण होण्याच्या तीन महिने आधीपासून तीन महिने नंतरपर्यंत अर्ज करावा लागतो. तुम्ही केला होता?"

"नाही."

"का बरं?"

चार वर्षांपूर्वी तो अर्ज घरी आला होता. त्यावरचा पहिलाच प्रश्न होता: आपण कोठे व किती वर्षे नोकरी केलीत? खरं लिहिता येत नव्हतं, आणि खोटं लिहायला हात उचलत नव्हता. अक्काने तो घडी करून खणात ठेवला होता.

"मला वाटलं, नोकरी केलेल्यांनाच असतो विमा."

"पुष्कळांना तसंच वाटतं," बाई उसासून म्हणाली. "ती मुदत गेली की मग दरवर्षी जानेवारी ते मार्चमध्येच अर्ज घेतात, आणि विमा त्या जुलैपासून लागू होतो."

तेव्हा मे महिना चालू होता. अक्काने बोटांवर महिने मोजले. चौदा.

"आणि मध्ये काही झालं तर?"

"अगदी जिवावर बेतलं तर सरकारी रुग्णालय दाखल करून घेईल. पण असं ठरवून करायचं ऑपरेशन कार्डाशिवाय होत नाही. तुमच्या मिस्टरांची नोकरी? त्यांच्या नोंदीवर पत्नीला मिळतं."

"मी लग्न केलं नाही."

मग बाईने विचारलं, अगदी सहज, मनात काहीही वाईट नसताना, "मग आयुष्यभर केलंत काय, आजी?"

अक्काच्या डोळ्यांपुढे वाफेने भरलेलं ते लांबच लांब दालन उभं राहिलं. सोड्याने सोलवटलेली बोटं, दाबयंत्राच्या रुळात सापडून गेलेलं एक नख, उन्हाळ्यात चक्कर येऊन पडणाऱ्या बायका, आणि हजारो, लाखो पांढऱ्या चादरी, ज्यांच्यावर कोणी जन्मलं होतं आणि कोणी मेलं होतं...

"घरीच होते," ती म्हणाली.

घरी तिने काहीच सांगितलं नाही. "कार्ड छापायला गेलंय," हे तिचं ठरलेलं उत्तर. पण जूनमध्ये तिला सपाट रस्त्यावरही धाप लागायला लागली. शिलाईचं काम बंद पडलं. ती भाजी चिरतानासुद्धा मध्येच हात टेकून बसे, आणि बेबी, जिचं अंग आता तीनदा डायलिसिस होत असल्याने हलकं झालं होतं, तिच्याकडे रोखून बघत राही.

एका दुपारी बेबी बाहेरून आली आणि चपला न काढताच आत येऊन उभी राहिली.

"मी तुझ्या कार्डाची चौकशी करायला गेले होते," ती म्हणाली.

अक्का गादीवर टेकून बसली होती.

"तिथल्या खिडकीवरच्या बाईने विचारलं, तुमच्या बहिणीने नोकरी केली होती का? म्हटलं, केली होती म्हणजे काय, आयुष्य घातलं धुलाईखान्यात. तिने माझ्यासमोर यादी काढली, अक्का. जुनी, स्कॅन केलेली. म्हणाली, आपल्या आडनावाची एकच बाई होती तिथे, सगळ्या वर्षांत एकच. आणि ती तुम्ही." बेबीचा आवाज फुटला. "मग मी वर्षं बघितली. ज्या महिन्यांत मी त्या डोंगरावर खिडकीत बसून तुझ्या नावाने बोटं मोडत होते, त्या प्रत्येक महिन्यात माझी हजेरी लागलीय. एकही महिना रिकामा नाही."

"आईला शब्द दिला होता," अक्का पुटपुटली.

"आई जाऊन एकतीस वर्षं झाली."

"मग आणखी कशाला सांगायचं? तुझा जीव वाचला होता. संसार झाला होता."

"आणि मी तुला टोमणे मारत राहिले..." बेबी मटकन खाली बसली, आणि तिने अक्काच्या मांडीवर डोकं ठेवलं, लहानपणी ताप आल्यावर ठेवायची तसं. "तीनदा आलीस, तीनदा आलीस म्हणून सगळा जन्म तुला ऐकवलं मी. तुला एकदा तरी तोंड उघडावंसं वाटलं नाही का गं? इतकी परकी होते का मी तुला?"

अक्का तिच्या विरळ झालेल्या केसांतून हात फिरवत राहिली. रडायलाही श्वास लागतो, आणि तो तिच्याकडे नव्हता.

पण बेबी हट्टी होती, हे आईने बरोबर ओळखलं होतं. दोनच दिवसांनी, अक्काला न सांगता, तिने विमा कचेरीत लेखी जबाब दिला: ही बावीस वर्षं माझी नाहीत, त्यातली एकवीस माझ्या बहिणीची आहेत, ती तिच्या नावावर करून तिला ताबडतोब कार्ड द्यावं. तिला वाटलं, खरं सांगितलं की ज्याचं त्याला मिळतं. तिला काय ठाऊक, की कचेरी आधी काढून घेते आणि देण्याचा विचार मागाहून करते.

नोटीस आली. नोंदीबाबत संशय निर्माण झाल्याने चौकशी पूर्ण होईपर्यंत बेबीचं कार्ड स्थगित, आणि नवा अर्जही करता येणार नाही. अक्काच्या नावावर सेवा वर्ग करायची तर त्या वेळच्या अधिकाऱ्याची किंवा दोन सहकाऱ्यांची साक्ष हवी. मुकादम केव्हाच वारला होता. बरोबरच्या बायका कोण कुठे गेल्या, किती जिवंत होत्या, कोणाला माहीत. चौकशीला किती वेळ लागेल यावर खिडकीवरची बाई एवढंच म्हणाली, "वर्ष धरून चाला."

बेबी पुन्हा धर्मादाय केंद्रात, आठवड्यातून एकदा. दुसऱ्याच आठवड्यात तिचे पाय सुजले. तिसऱ्या आठवड्यात तिला आडवं झोपता येईना. दोघी बहिणी भिंतीला पाठ लावून, उशा मागे घेऊन, शेजारी शेजारी बसून राहत, दोघींनाही श्वास पुरत नसे. "होईल काहीतरी," बेबी म्हणायची. "तुझं तुला मिळालं पाहिजे. मला नको ते." आणि अक्का तिच्या ओठांवर चढत चाललेल्या निळसर छटेकडे बघत राही. एका कार्डावर दोघींचा जीव अडकला होता, आणि दोघींनी ते एकमेकींकडे ढकललं तर दोघींच्याही हाती काही लागणार नव्हतं. हे कोडं नव्हतं, अक्काला त्याचं उत्तर माहीत होतं. त्रेचाळीस वर्षांपूर्वीही माहीत होतं.

बेबीच्या डायलिसिसच्या दिवशी, ती केंद्रात असताना, अक्का विमा कचेरीत गेली. बसथांब्यापासून दारापर्यंतच्या अंतरात ती चारदा थांबली. खिडकीवरच्या बाईने तिला ओळखलं, उठून आत घेतलं आणि पाणी दिलं.

"माझ्या बहिणीने जो जबाब दिलाय तो खरा नाही," अक्का म्हणाली. "आजारपणाने तिच्या डोक्याचा गोंधळ होतो. तिला वाटतं, मी तिच्यासाठी काहीतरी केलं. तसं काही नाही. नोकरी तिनेच केली. मी लिहून देते."

बाईची नजर अक्काच्या नख गेलेल्या बोटावर गेली आणि तिथून हलली.

"आजी, एकदा हे फाइलला लागलं की मग कधीच बदलता येणार नाही. तुम्हाला ही वर्षं परत मागता येणार नाहीत. जानेवारीत अर्ज करून, हप्ता भरून, पुढच्या जुलैपर्यंत थांबावं लागेल. तोपर्यंत..." ती अडखळली. "तुमच्या डॉक्टरांचा कागद मी पाहिलाय."

"मलाही वाचता येतो तो, बाळा. कागद द्या."

बाईने कोरा कागद दिला. अक्काने सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं: मी आयुष्यात कधीही, कोठेही नोकरी केलेली नाही. खाली स्वतःच्या नावाची सही केली. त्या धुलाईखान्याच्या कागदांत तिचं खरं नाव पहिल्यांदाच आलं होतं, आणि तेही, ती तिथे कधी नव्हतीच, हे सांगण्यासाठी.

कार्ड बारा दिवसांनी पुन्हा चालू झालं. सोबतच्या पत्रात अक्काच्या जबाबाची प्रत होती. बेबीने ती वाचली. संध्याकाळी ती अक्काच्या गादीपाशी आली. अक्का आता बहुतेक वेळ गादीवरच असे.

"मला वेडी ठरवलंस," बेबी म्हणाली.

"हो."

"मी पुन्हा जाऊन सांगितलं तर?"

"आता तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?" अक्का म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्यावर तिला किंचित हसू आलं. बेबीला मात्र आलं नाही.

"आणि तू? जुलैपर्यंत..."

त्या प्रश्नाचं उत्तर दोघींनाही माहीत होतं. जुलै फार लांब होता. जानेवारीच लांब होता. अक्काने बहिणीचा हात हातात घेतला. त्याच्यावरची डायलिसिसची शीर फुगून थरथरत होती, मांजराच्या पोटातल्या घुरघुरीसारखी. त्या थरथरीत रक्त होतं, आयुष्य होतं. अक्का ती बोटांनी ऐकत राहिली. कोणी तिला विचारलं असतं, तर तिने पुन्हा हेच केलं असतं. पण तिच्या आतून काहीतरी कायमचं निघून गेलं होतं, आणि त्याचं दुःख मरणाच्या भीतीहून वेगळं होतं. आपण जगलो त्याची जगात कुठे खूण उरली नाही, आणि जी होती ती आपल्याच हाताने पुसली, याचं ते दुःख होतं.

बेबीने डोळे पुसले. ती अक्काच्या शेजारी, भिंतीला टेकून बसली.

"मला सगळं सांग," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. मी तिथे बावीस वर्षं होते म्हणतात, आणि मला त्यातलं काहीच माहीत नाही."

अक्काला वाटलं, पुढेमागे कोणी अधिकारी चौकशीला आला तर बेबीला उत्तरं देता यावीत म्हणून ती विचारतेय. तिने श्वास गोळा केला.

"पहिल्या दिवशी तू सहाच्या आधीच पोचलीस. दारावरच्या माणसाने पास बघितला नाही. मुकादमाने तुला चादरींच्या..."

"तसं नाही," बेबीने तिला थांबवलं. "मी कोणाला उत्तरं द्यायला विचारत नाही. 'मी' म्हण, अक्का."

इतक्या वर्षांत त्या दालनाबद्दल तो शब्द अक्काने मनातही कधी वापरला नव्हता. खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर ओढलं. बेबी वाट बघत राहिली.

"मी..." अक्का म्हणाली, आणि थांबली, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. "मी सहाच्या आधीच पोचले होते. आत इतकी वाफ होती, की समोरचं काही दिसेना. मला फार भीती वाटली होती, बेबी..."

"मग?" बेबीने विचारलं.

आणि अक्का सांगू लागली.